शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा



आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांत कुणी नर्स आहे, कुणी वॉर्डबॉय, कुणी डॉक्टर. त्यांतील काही जण रविवारच्या मिस्सेला नाईट ड्युटीवरून थेट येतात. आपण त्यांच्या सेवेचे कौतुक करतो. त्यांच्या थकव्याची विचारपूस मात्र क्वचितच करतो.

राजांच्या पहिल्या पुस्तकातील १९व्या अध्यायात एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. देवाचेच काम करताना तो खचला होता. देव त्याला अल्पविश्वासाबद्दल बोल लावत नाही. देवदूत येतो तो भाकर आणि पाणी घेऊन. एलिया जेवतो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा जेवू घालतो. होरेब डोंगरावरचा संवाद त्यानंतरचा. पुढे देव त्याला अलीशाची सोबतही देतो.

हा थकवा ओळखावा कसा? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या या अवस्थेच्या तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपणे, कामावरून मन उडणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. ज्याला कालपर्यंत नावाने हाक मारली, तो पेशंट आज नुसता 'सात नंबरचा बेड' होतो. नातेवाइकांच्या साध्या प्रश्नानेही चीड येते. ड्युटी संपते, पण झोप लागत नाही. हे पाप आहे असे समजून मनात कुढत बसू नये. विश्वासातल्या सहकाऱ्याशी बोलावे, हक्काची सुट्टी विश्रांतीसाठीच ठेवावी. त्रास हटत नसेल तर डॉक्टरांना भेटावे. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते.

पण सारा भार थकलेल्या माणसावरच टाकून कसे चालेल? माणसे कमी आणि पेशंट जास्त असतील, तर एकट्या नर्सच्या सहनशीलतेने ती उणीव भरून निघत नाही. रुग्णालये चालवणाऱ्यांनी, त्यात आपल्या ख्रिस्ती संस्थाही आल्या, याचा विचार करायला हवा. आणि आपल्या घरांचे काय? रात्रपाळी करून आलेली सून पर्स ठेवताच स्वयंपाकाला लागते. तिच्यासाठी भाकर घेऊन येणारा देवदूत कोण होणार?

कामावरून परतलेल्या प्रेषितांना जेवायलाही सवड नव्हती, तेव्हा प्रभू येशूने त्यांना एकांतात विश्रांतीसाठी नेले. या आठवड्यात आपणही आपल्या घरातील एका थकलेल्या जिवासाठी ताट वाढून ठेवू या, आणि त्याची झोप मोडणार नाही एवढी काळजी घेऊ या.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.