आश्चर्य कशाचें वाटावें?

नवी गोष्ट ऐकून आश्चर्य वाटणें हा मनुष्याचा स्वभाव आहे. परंतु "हें आश्चर्य मला कां वाटलें?" असा प्रश्न स्वतःस करणारे थोडे. तो प्रश्न आज आपण करावा अशी आमची इच्छा आहे; आणि त्याकरितां फार दूर जावयास नको.

धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या काठीं तेर नांवाचें गांव आहे. गोरोबाकाकांच्या यात्रेमुळें तें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. घरें, शेतें आणि पांढरीच्या मातीचीं टेकाडें पाहून वाटसरूस त्यांत विशेष कांहीं आढळणार नाहीं. पण ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत, मिसर देशांत राहणाऱ्या एका ग्रीक भाषा बोलणाऱ्या व्यापाऱ्यानें समुद्रमार्गाची माहिती देणारें 'पेरिप्लस' नामक एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्यांत तो असें सांगतो कीं, भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, व तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें फार मोठें नगर आहे. त्या नगराहून साधें कापड पुष्कळ व तलम कापड नाना प्रकारचें, गाड्यांत भरून, बिकट वाटांनीं भडोचेस येतें. तेथून तो माल जहाजांत चढे.

हें तगर कोठें असावें याविषयीं विद्वानांत पुष्कळ वाद झाला. कोणी दौलताबादेकडे बोट दाखविलें, कोणी जुन्नराकडे. शेवटीं १९०१ सालीं फ्लीट नामक इंग्रज संशोधकानें तगर म्हणजेच तेर, असें साधार प्रतिपादन केलें. नांव कानास इतकें जवळचें असूनही तें सुचावयास एवढा काळ लागला. नामांकित स्थळें आधीं डोळ्यांपुढें येतात. खेडें सहसा येत नाहीं.

आणखी ऐका. रोमी ग्रंथकार थोरला प्लिनी यानें अशी तक्रार लिहून ठेविली आहे कीं, हिंदुस्थान देश दरसाल रोमी साम्राज्याचीं पांच कोटी सेस्टर्स नाणीं ओढून नेतो. हाच प्लिनी इ. स. ७९ सालीं वेसूवियस ज्वालामुखीच्या स्फोटाच्या वेळीं मरण पावला. त्या स्फोटानें पोंपेई नांवाचें नगर राखेखालीं गाडलें गेलें. पौल प्रेषित बंदिवान होऊन रोमेस जातांना इटलीच्या ज्या उपसागराच्या काठीं जहाजांतून उतरला, त्याच उपसागराजवळ हें नगर होतें. १९३८ सालीं तेथील एका घराच्या उत्खननांत, सुमारें एक वीत उंचीची, हिंदुस्थानी घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति निघाली. आणि तेर येथें मिळालेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति त्याच धर्तीची आहे!

आतां प्रश्नाकडे वळूं. हें ऐकून आश्चर्य वाटलें, तें कां? तेर बदललें म्हणून नव्हे. जें घडलें तें आपण ऐकण्यापूर्वींच घडून गेलें होतें. आश्चर्य वाटलें, कारण आपल्या मनांत एक माप आधींच ठरलेलें होतें: थोर गोष्टी थोर शहरींच घडतात, आणि इतिहास राजेलोकांचाच असतो. ही समजूत निरुपद्रवी नाहीं. ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यांत आलें कीं, तुमच्या वाडवडिलांनीं जगांत कांहीं केलें नाहीं, तुम्हांस इतिहासच नाहीं, तीं माणसें हळूहळू तें खरें मानूं लागतात. मग ज्यास आपला मागचा काळ क्षुद्र वाटतो, त्यास आपलें आजचें कामही क्षुद्र वाटूं लागतें.

तगराचें नांव समुद्रापलीकडे गेलें तें कोणाच्या हातांनीं? कापूस वेंचणारे, सूत कातणारे, विणणारे, गाड्या हांकणारे. त्यांपैकीं एकाचेंही नांव त्या पुस्तकांत नाहीं. कापड अंगावर झिजलें व कुजून गेलें. हस्तिदंताची शोभेची वस्तु तेवढी टिकली. पण पोट भरलें, अंग झांकलें, तें कापडानें. यावरून दिसतें कीं, जें मागें उरतें तेंच मोलाचें होतें, असें नाहीं. टिकणें निराळें आणि उपयोगी पडणें निराळें. नांवावरून श्रमाची किंमत ठरविणारा मनुष्य राखेंत सांपडलेल्या वस्तूवरून सगळ्या बाजाराचा हिशोब करितो. आणि एखादें नांव उरलेंच तर तें कोणाचें उरेल, हेंही कोणास सांगतां येत नाहीं. आज तेरचें नांव घेतांच लोकांच्या तोंडीं येतो तो राजा नव्हे, सावकार नव्हे. नामदेवांच्या काळचा एक कुंभार.

कोणी म्हणेल, "तर मग आपण जगांत श्रेष्ठ होतों, असें गर्जून सांगावें." हेंही आम्हांस मान्य नाहीं. पूर्वजांच्या कर्तृत्वाची बढाई मारणें म्हणजे दुसऱ्याच्या शेतांतलें पीक आपल्या खळ्यांत आणणें होय. शिवाय सत्याची मर्यादा आहे. पोंपेईची मूर्ति तेरांत घडली, असें सिद्ध झालेलें नाहीं. तिजवर खरोष्ठी लिपींतील अक्षर आहे, आणि ती लिपि मुख्यत्वें वायव्येकडची. तशाच धर्तीची मूर्ति जालना जिल्ह्यांत भोकरदन येथेंही मिळाली आहे. जेवढा पुरावा तेवढेंच बोलावें. न्यूनगंड व गर्व हीं दोन्ही एकाच खोट्या मापाचीं लेंकरें आहेत. एक त्या मापानें स्वतःस लहान करितें, दुसरें मोठें.

खऱ्या मनुष्याचा मार्ग तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनीं दाखविला. ज्या मण्यांस, खापरांस व मृण्मूर्तींस इतर लोक केरकचरा म्हणत, त्या त्यांनीं आपल्या गांवच्या परिसरांतून गोळा करून जतन केल्या. आज तेर येथील सरकारी वस्तुसंग्रहालयास त्यांचें नांव आहे. त्यांनीं गांवास मोठेपणा दिला नाहीं. होता तो मातींत जाऊं दिला नाहीं.

वाचकहो, नांगराच्या फाळास जुनें खापर किंवा मणी लागला तर तो बांधावर भिरकावूं नका, जाणत्यास दाखवा. आणि पुढच्या वेळीं एखाद्या खेड्याविषयीं अथवा गरिबाविषयीं थोर गोष्ट ऐकून आश्चर्य वाटलें, तर ती गोष्ट खरी कीं खोटी हें तपासाच. पण त्याबरोबर आपलें माप खरें कीं खोटें, हेंही तपासा.