आगंतुक आणि आपली सही

पाहुणे दोन प्रकारचे असतात, बोलावलेले आणि न बोलावलेले. संगणकाच्या कृपेने आता तिसरा प्रकार निघाला आहे. आपणच बोलावलेले, पण आपल्यालाच पत्ता नसलेले! या मंडळींना ॲडवेअर म्हणतात. काही फुकटचं उतरवून घ्यायला जावं, तर त्याच्या मागून ही जाहिरातवाल्यांची वरात घरात शिरते. मग नातवाचा दहावीचा निकाल बघायला बसलं की पडद्यावर गुडघेदुखीचं तेल उसळी मारून वर येतं.

मावळातल्या बेडसे गावी आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी राहतात. त्यांच्या संगणकाला हा रोग जडला. मी बँकेत कारकून, शिक्षण बी.कॉम.; पण बँकवाल्याला संगणकातलं सगळं कळतं असा गावोगाव समज आहे. तेव्हा बोलावणं मला आलं.

गुरुजी म्हणाले, "अहो साहेब, यातल्या एकालाही मी घरात घेतलेलं नाही!"

"घेतलंत, गुरुजी. कॅलेंडर उतरवताना 'मी सहमत आहे' या चौकटीत टिचकी मारलीत ना?"

"मारली. पण ते वाचतं कोण?"

खिडकीच्या अलीकडे बसून हा प्रश्न मी वीस वर्षं ऐकतो आहे. खातं उघडायला आलेला माणूस, आम्ही फुली मारू तिथे सही करतो. आता न वाचता केलेली सही ही संमती म्हणायची का? १८७२ चा करार कायदा सांगतो की दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तर ती संमती. गुरुजींनी मान्य केलं होतं कॅलेंडर. समोरच्याने गळ्यात मारलं तेल. म्हणजे गुरुजी निर्दोष! पण उद्या जो तो "मी वाचलंच नव्हतं" म्हणू लागला, तर संध्याकाळपर्यंत आमच्या बँकेला कुलूप लागेल. तेव्हा सहीलाही काही किंमत हवीच.

हा विचार करत मी साफसफाईला लागलो. आधी कंट्रोल पॅनेलमधली यादी तारखेवार लावली आणि कॅलेंडरच्या दिवशी आलेली अनोळखी नावं काढली. मग ब्राउझरला चिकटलेली एक्स्टेन्शनं उपटली. सूचना पाठवायची परवानगी भलत्यासलत्या साइटींना दिलेली होती, ती रद्द केली. मधेच एक चौकट उगवली, 'तुमच्या संगणकात १७ विषाणू आहेत, काढायला इथे दाबा.' चोरच रखवालदाराचा अर्ज घेऊन आला होता! त्याला हात न लावता बंद केलं. येताना एक टिचकी लागली होती, घालवताना दीड तास गेला.

आणि मला वाटतं, खरी मेख इथेच आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात एक शहाणपणाचं कलम आहे: संमती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. पाहुणा आला कसा, यावर वाद घालता येईल. पण "आता निघा" म्हटल्यावर जो माळ्यावर लपून बसतो, त्याच्या हेतूबद्दल वाद उरत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्र सरकारने ग्राहकांना फसवणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादी जाहीर केली. सारखं टुमणं लावणं आणि खोटा विषाणू दाखवून घाबरवणं, या दोन्हींना तीत मानाचं स्थान आहे. पॉप-अपचा जनक ईथन झुकरमन. त्याने नव्वदीच्या दशकात, जाहिरात पानापासून वेगळी दिसावी म्हणून ही युक्ती काढली आणि २०१४ मध्ये जगाची माफी मागितली. एवढा सज्जनपणा तेलवाल्यांकडून अजून झालेला नाही.

जाहिरातीवर माझा राग नाही. गावावरच्या डोंगरात बेडशाची लेणी आहेत. तिथे चैत्यगृहाच्या ओसरीत एका खोलीच्या दारावर कोरलंय, की हे नाशिकच्या आनंद श्रेष्ठींचा मुलगा पुष्यणक याचं दान. दोन हजार वर्षांची जाहिरातच म्हणा! पण गृहस्थाने आधी काही दिलं, मग नाव एकदाच लिहिलं, आणि पायऱ्या उतरणाऱ्याच्या मागे तो कधी धावत आला नाही.

गुरुजींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पटलं. तुमच्या बँकेत खातं उघडायला किती वेळ लागतो?"

"पंधरा मिनिटं," मी अभिमानाने सांगितलं.

"आणि बंद करायला?"

तेवढ्यात आतून चहा आला.