दोन थरांमधला काळ

थोडं स्वस्थ बसा. आज आपल्याला एका खडकाचं मनन करायचं आहे, आणि तो खडक कोट्यवधी वर्षं जागेवर आहे. तेव्हा घाई नको.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सिकार पॉइंट नावाचं एक लहानसं भूशिर आहे. साल १७८८. डनग्लासहून निघालेली होडी किनाऱ्याच्या कडेकडेनं येते आहे. होडीत साठी ओलांडलेले भूशास्त्रज्ञ जेम्स हटन आहेत. सोबत गणिताचे प्राध्यापक जॉन प्लेफेअर आणि डनग्लासचे तरुण जमीनदार सर जेम्स हॉल. होडी कड्याखाली लागते. आपणही त्यांच्याबरोबर उतरू या.

आधी नुसतं पाहा. अर्थ लावायची घाई करू नका. पायाशी करड्या खडकाचे थर आहेत, जवळजवळ सरळ उभे, लाटांनी झिजलेले. त्या उभ्या थरांच्या माथ्यावर तांबूस वालुकाश्माचे थर पसरले आहेत, थोडेसे कललेले. जिथे दोन्ही भेटतात तिथे खाली वाका. तांबड्या थराच्या तळाशी करड्या खडकाचेच तुटके तुकडे रुतून बसलेले दिसतील.

आता सावकाश मागे जाऊ. एकेका पायरीवर थांबत.

हे करडे थर मुळात समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ. गाळ साचतो तो आडवाच. म्हणजे कधीकाळी हे थर आडवे होते. एवढं मनात नीट बसू द्या.

मग तो गाळ दबला, घट्ट झाला, त्याचा खडक झाला. पुढे पृथ्वीच्या पोटातल्या दाबानं ते थर वळले, उभे झाले, पाण्याबाहेर आले. इथेही थांबा.

मग ऊन, पाऊस आणि वाहतं पाणी यांनी तो उंचवटा झिजवला. पाऊस कातळाचा किती अंश नेतो, हे एका जन्मात डोळ्यांना कळतही नाही. तरी अख्खा उंचवटा झिजून गेला. त्या झिजलेल्या माथ्यावर नद्यांनी तांबडी वाळू आणून पसरली. त्या वाळूचाही खडक झाला. तोही कलला, तोही आता झिजतो आहे.

तांबड्या थरात रुतलेले ते तुकडे पुन्हा आठवा. वरचा थर बसायच्या आधीच खालचा खडक घट्ट झालेला होता आणि तुटूही लागला होता, याची ती साक्ष आहे.

हटन यांच्याजवळ वर्षं मोजायचं साधन नव्हतं. आज आपल्याला ठाऊक आहे की करडा खडक सुमारे ४३.५ कोटी वर्षांचा आहे आणि तांबडा सुमारे ३७ कोटी वर्षांचा. हाताचा पंजा दोन्हीवर एकदम टेकवता येतो, आणि त्या पंजाखाली साडेसहा कोटी वर्षं असतात. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्ह्यातून घडला त्याला आजवर जवळपास तेवढाच काळ लोटला आहे.

हे पाहणारी नजर हटन यांना मिळाली कुठून? लायडनहून १७४९ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली, पण वैद्यकी केली नाही. बर्विकशायरमधल्या वडिलोपार्जित जमिनीवर ते बरीच वर्षं शेती करत राहिले. पावसाबरोबर माती ओढ्यात जाते, ओढा ती नदीला देतो, नदी समुद्राला. हे प्रत्येक शेतकरी पाहतो आणि हळहळतो. हटन यांनी तो विचार शेवटपर्यंत नेला. खडक झिजतो म्हणून माती होते, माती आहे म्हणून पीक येतं, आणि तीच माती वाहून जाते. नुसतं जाणंच असतं तर जमीन केव्हाच संपली असती. म्हणजे कुठेतरी नवी जमीन घडत असली पाहिजे.

हे वाक्य मनात घोळवा. आपल्यासमोरून जे वाहून जातं, त्याचं पुढे काय होतं, याचा आपण किती वेळा माग काढतो?

जुनी जमीन झिजते आणि नवी घडते, हा हटन यांचा सिद्धान्त १७८५ मध्ये एडिनबराच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला गेला. हटन आजारी होते, म्हणून पहिला भाग त्यांचे मित्र, रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी वाचला. पृथ्वी सुमारे सहा हजार वर्षांची, असं तेव्हा बहुतेक लोक मानत. इतक्या सावकाश घडामोडींना अफाट काळ लागतो, म्हणून त्या समजाला हा थेट धक्का होता.

आणि इथेच मला त्या काळाचं मोठेपण दिसतं. विचार मांडून झाला होता, तरी हटन पुराव्यासाठी डोंगर आणि किनारे धुंडाळत राहिले. जे तर्कानं पटलं, ते डोळ्यांनी पडताळायचं, आणि मित्रांना सोबत नेऊन त्यांच्याही नजरेला दाखवायचं. १७९५ मध्ये त्यांचा ग्रंथ आला, पण तो वाचायला जड होता. १७९७ मध्ये हटन गेले. पुढे १८०२ मध्ये प्लेफेअर यांनी तोच विचार सोप्या, प्रवाही भाषेत मांडला, आणि तो दूरवर पोचला.

इतक्या प्रचंड काळापुढे आपलं आयुष्य म्हणजे काहीच नाही, असं वाटू शकतं. ते वाटणं खरं आहे. त्याला दूर लोटू नका. पण सोबत हेही ध्यानात घ्या की कोट्यवधी वर्षांचा हा हिशोब माणसाच्याच मनात मावला. त्यासाठी तीन गोष्टी पुरल्या: समोरचं नीट पाहणं, एकामागून एक प्रश्न विचारत जाणं, आणि उत्तर सापडल्यावरही पुन्हा पाहायला जाणं.

येत्या पावसात गढूळ पाणी वाहताना दिसलं तर थोडं थांबा. ही माती कुठल्या खडकाची, ती कुठे निघाली, आणि पुढे तिचं काय होईल, हे स्वतःला विचारा. उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल. हटन यांनी या प्रश्नांना आयुष्यातली बरीच वर्षं दिली, आणि माणसाच्या विचाराला पृथ्वीच्या वयाएवढी जागा करून दिली.