गुपित जन्माला कधी येतं?

युद्धकाळातल्या प्रेमाची कादंबरी हल्ली बहुधा माळ्यावर सुरू होते. आजी नुकतीच गेलेली असते, नात आवराआवर करत असते आणि तिच्या हाती एक पेटी लागते. पेटीत पत्रं, गणवेशातल्या कुणा अनोळखी तरुणाचा फोटो. मग एक प्रकरण आजचं, एक १९४३चं, असं करत चारशे पानं सरतात आणि शेवटी कळतं, की आपण ज्यांना आजोबा म्हणत होतो ते आजोबा नव्हतेच. अशा कादंबऱ्या मी हावरटासारख्या वाचतो, हे आधीच सांगून टाकतो. माझी तक्रार निराळी आहे. गुपिताचं सगळं ओझं या कादंबऱ्या त्या आजीच्या माथी मारून मोकळ्या होतात. जणू लपवाछपवी हा तिचा स्वभावच होता.

नॉर्वेत काय घडलं ते पाहा. एप्रिल १९४० ते मे १९४५ हा देश जर्मनांच्या ताब्यात होता. त्या काळात नॉर्वेजियन स्त्रिया आणि जर्मन सैनिक यांच्यापासून दहा-बारा हजार मुलं झाली, असा अंदाज आहे. नाझींना ही मुलं हवीच होती, कारण त्यांच्या वंशवेडाच्या हिशेबात ती ‘उत्तम रक्ताची’ ठरत. त्यांच्या ‘लेबेन्सबोर्न’ या संस्थेने प्रसूतिगृहं चालवली, हजारो मुलांची रीतसर नोंद ठेवली. म्हणजे शेजाऱ्यांना ठाऊक, गावाला ठाऊक, वर कागदोपत्री पुरावा. यात गुप्त ते काय होतं?

गुप्त झालं ते युद्ध संपल्यावर. या बायकांना खटल्याशिवाय डांबण्यात आलं, नोकऱ्यांवरून काढण्यात आलं. ज्यांनी जर्मनांशी लग्नं केली होती त्यांचं नागरिकत्व काढून घेऊन त्यांना जर्मनीत धाडण्यात आलं. फ्रान्समध्येही जर्मनांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून सुमारे वीस हजार स्त्रियांची भर चौकात डोकी भादरली गेली. भादरणाऱ्यांत कालपरवापर्यंत जर्मनांना माल विकून गबर झालेले नव्हतेच, असं छातीठोकपणे कोण सांगेल? नॉर्वेच्या तेव्हाच्या पंतप्रधान एर्ना सोलबर्ग यांनी आपल्या देशातल्या या स्त्रियांची सरकारतर्फे माफी मागितली ती २०१८ मध्ये. तोवर त्यातल्या बहुतेक जणी हयात नव्हत्या.

‘अबा’ या गायकवृंदातली आनी-फ्रिद लिंगस्टाद ही नॉर्वेतल्या याच मुलांपैकी एक. जन्म नोव्हेंबर १९४५चा. आजीने तिला नॉर्वेतून उचलून स्वीडनला नेलं. आई एकविसाव्या वर्षी वारली. बाप जर्मनीला परतताना बोट बुडून मेला, असंच सगळे धरून चालले होते. १९७७ मध्ये एका जर्मन मासिकातल्या मजकुरामुळे तो जिवंत असल्याचं कळलं आणि बापलेकीची भेट झाली. पुढे त्यांचं फारसं जमलं नाही. कादंबरीकाराने या भेटीवर पुस्तक संपवलं असतं.

आता खरोखरच्या पेटीची गोष्ट. इरेन नेमिरोव्स्की ही कीवमध्ये जन्मलेली ज्यू लेखिका फ्रेंचमध्ये लिहीत असे. कागदाच्या टंचाईमुळे बारीक, दाटीवाटीच्या अक्षरांत ती एक मोठी कादंबरी लिहीत होती. पाच भाग योजले होते, दोन झाले. जुलै १९४२ मध्ये तिला अटक झाली, ऑगस्टमध्ये ती आउशवित्झला मेली. मागोमाग नवराही तिथेच मारला गेला. दोघी लहान मुली लपतछपत फिरल्या, सोबत आईची वही असलेली सुटकेस. थोरली देनीज ही वही कित्येक वर्षं वाचूच शकली नाही. रोजनिशी असेल, वाचवणार नाही, असं तिला वाटे. माळ्यावरची नात अधीर होऊन पेटी उघडते. खऱ्या लेकीला ती उघडवत नव्हती. ‘स्वीत फ्रान्सेझ’ अखेर २००४ मध्ये छापली गेली.

तिच्या दुसऱ्या भागात ल्युसील या तरुणीच्या घरात एक जर्मन अधिकारी मुक्कामाला असतो. नवरा जर्मनांच्या कैदेत, सासूची नजर करडी, आणि या दोघांत हळूहळू ओढ वाढते. लेखिका कुणाचाच निवाडा करत नाही. करणार तरी कशी? युद्ध कोण जिंकणार हेच तिला माहीत नव्हतं. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये हेच बळ आहे. चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हॅर्टा यांची बोटीवरची ही प्रेमकथा १९३९ची. पुढच्या सहा वर्षांत हॅर्टासारख्यांचं काय होणार, हे बेडेकरांना ठाऊक असणं शक्य नव्हतं. म्हणूनच त्यात शहाणपणाचा आव नाही. नंतर लिहिणाऱ्याला निकाल माहीत असतो, आणि तो नकळत पात्रांनाही तो माहीत असल्यासारखं वागवतो. चूक कुणाची, हे आधीच ठरलेलं असतं.

आपल्याकडे या विषयाला हक्काची जागा आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत हद्दपारीतून सुटून आलेली. काही जणींनी इथेच लग्न केलं. बाकीच्यांपैकी अनेकांना आपल्या गावी परतता आलं नाही, कारण ती गावंच सोव्हिएत संघात गेली होती. वळिवड्यावर कादंबरी लिहू पाहणाऱ्याला माझी विनंती आहे, की नात, माळा आणि पेटी यांना सुट्टी द्या. गोष्ट १९४४ मध्येच ठेवा, जेव्हा त्या छावणीतल्या मुलीला घरी जायचंय आणि घर कुठल्या देशात असेल हे कुणालाच माहीत नाही.