मूक जिवाचा कैवार

१९९८ साली अमेरिकेत मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या करण्यात आल्या. रुग्णांना आशा लाभली, परंतु त्यासाठी भ्रूण नष्ट होतो. एकाच्या आरोग्यासाठी दुसऱ्या जिवाला साधन करावे काय? ख्रिस्तसभेसह आम्हीही ‘नाही’ म्हणतो. अस्थिमज्जेतील वा नाळेच्या रक्तातील मूलपेशींना तिची हरकत नाही. २००७ मध्ये यामानाका यांनी मानवी त्वचेच्या पेशींपासूनही तशा पेशी घडविल्या.

परंतु जामसरच्या परिसरात हाच प्रश्न आम्हांलाच विचारला जातो. याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत १९९२ मध्ये कुपोषणाने अनेक बालके दगावली. तीही मूकच होती. भ्रूणासाठी बोलणाऱ्या आम्ही जन्मलेल्या भुकेल्या लेकराकडे पाठ फिरविली, तर आमच्या ‘नाही’ला कोणता अर्थ उरेल?