सोसायटीचं ऐकावं लागतं

पुण्यात भाड्याचा फ्लॅट शोधताना आपण जे प्रश्न विचारतो ते बहुतेक गणिताचे असतात. भाडं किती, डिपॉझिट किती महिन्यांचं, मेंटेनन्स धरून की वेगळा, पाणी टँकरचं की कॉर्पोरेशनचं. बाणेर-बालेवाडी-वाकड पट्ट्यात शोधत असाल तर आणखी एक: संध्याकाळी हिंजवडीतून बाहेर पडायला किती वेळ लागतो. मी याची रीतसर एक्सेल शीट केली होती. पण मला इथे त्या शीटमध्ये न बसणाऱ्या प्रश्नाबद्दल बोलायचंय. जे घर मला मिळतं आणि माझ्या मित्राला केवळ त्याच्या नावामुळे मिळत नाही, ते मी घ्यावं का?

आम्ही दोघं मिळून टू बीएचके शोधत होतो. मित्र सोलापूरचा, मुसलमान. त्याचं मराठी माझ्यापेक्षा गोड, त्यामुळे ब्रोकरशी तोच बोलायचा. पाच मिनिटं गप्पा मस्त रंगायच्या, 'आपलीच माणसं' वगैरे होऊन जायचं. मग नाव विचारलं जायचं. मग 'ओनरशी बोलून सांगतो'. त्यानंतर फोन उचलला जात नाही, हे तुम्हीही कधी शोधाशोध केली असेल तर ओळखलं असेल. काही जण 'फक्त शाकाहारी' म्हणायचे. मी मटण खातो हे मी त्यातल्या एका ब्रोकरला मुद्दाम सांगितलं. तो म्हणाला, "तुमचं चालेल हो, फक्त घरात बनवू नका." म्हणजे फिल्टर जेवणावर नव्हताच.

बाणेरला एक फ्लॅट मिळत होता. 32 हजार, बाल्कनीतून टेकडी दिसायची. तिथल्या ब्रोकरने तोडगा काढला: ॲग्रीमेंट एकट्या माझ्या नावावर करा, मित्र राहू दे 'येऊन-जाऊन'. ऐकायला सोपं वाटतं. पण महाराष्ट्रात 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. त्यात ज्याचं नाव, त्याचं ते घर. ज्याचं नाव नाही त्याने वॉचमनला रोज काय सांगायचं? मित्र म्हणाला, "भाडं भरून पाहुणा नाही व्हायचं मला." आणि पुढे, अगदी सहज, "तू घे की. मी बघतो काहीतरी."

त्याचं 'काहीतरी' म्हणजे कोंढवा. तिथे त्याला कोणी नाव विचारून फोन ठेवला नसता. पण ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला. 'ते लोक एकत्रच राहतात' असं जे आपण ऐकतो, त्यामागे असे किती 'बघतो काहीतरी' असतील, हे मी तेव्हा पहिल्यांदा मोजायला लागलो.

याच सुमारास मी बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलं. परदेशात शिकून ते 1917मध्ये बडोद्याला नोकरीसाठी आले आणि राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, रजिस्टरमध्ये पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले. हा भाग बहुतेकांना माहीत असतो. मला जास्त लागला तो त्यानंतरचा. ते दोन मित्रांकडे आसरा मागतात. हिंदू मित्र म्हणतो, तू आलास तर माझे नोकर सोडून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणतो, बायकोला विचारावं लागेल. 'मला तू नको आहेस' असं दोघांपैकी एकही म्हणत नाही. नकार नेहमी दुसऱ्या कोणाचा तरी असतो.

बाणेरच्या ओनरला मी फोन केला. साठीतले गृहस्थ, बोलायला सज्जन. म्हणाले, "माझं काही नाही हो, सोसायटीचं ऐकावं लागतं." मी विचारलं, सोसायटीचा तसा ठराव आहे का? "ठराव असा नाही, पण समजून घ्या." सेक्रेटरींना विचारलं तर ते म्हणाले, आमचं काही नाही, ओनर ठरवतात. आमच्या धंद्यात याला सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतात आणि बिल्ड तिथेच थांबतं. इथे मात्र वर्षानुवर्षं सुरळीत चालतं.

कायद्याकडे बघून फार हाती लागत नाही. संविधानाचं कलम 15 दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांतल्या प्रवेशाबद्दल बोलतं. खासगी मालकाचा फ्लॅट त्या यादीत नाही. 2005मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व पारशांपुरतंच ठेवू दिलं. ते सभासदत्वाबद्दल होतं, भाडेकरूंबद्दल नाही, पण वारं कुठल्या दिशेचं आहे ते कळतं.

ओनरची बाजू मला अगदी परकी नाही. आयुष्यभराची कमाई एका फ्लॅटमध्ये असते, भाडेकरू निघालाच नाही तर, ही भीती खरी असते. पण त्या भीतीवर करार आहे, डिपॉझिट आहे. शेजाऱ्यांच्या नजरेवर उतारा नाही, म्हणून ती किंमत तिसऱ्याकडून वसूल होते.

माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद असा: मी नाही घेतला तर दुसरा घेईल, मित्राला तरीही मिळणार नाही. हे खरंच आहे. माझ्या नकाराने बाणेरचं काहीही बदललं नसतं. शिवाय ज्या घरांनी कोणालाच कधी नाकारलं नाही अशीच घरं शोधायची म्हटलं तर मला तंबू लागेल. म्हणून मी रेघ अलीकडे ओढली. ओनर मला विचारतात, "तुमच्याकडे तसं कोणी राहायला येणार नाही ना?" इथे मी 'नाही' म्हटलं की नियम त्यांचा एकट्याचा राहत नाही, माझीही त्यावर सही होते. ते उत्तर मी देत नाही. ही रेघ मला परवडणारी आहे, हे मान्य. दोन लहान मुलं आणि महिन्याची नोटीस हातात असलेल्या माणसाने ते उत्तर दिलं तर मी त्याला काही म्हणणार नाही. मला फक्त टेकडी सोडायची होती.

आम्ही वाकडला 36 हजारांत घेतला. माझ्या वाट्याला दोन हजार जास्त, बाल्कनीसमोर दुसऱ्या बिल्डिंगच्या बाल्कन्या. ओनर एसटीतून रिटायर झालेले. दोघांचं आधार-पॅन घेतलं आणि सकाळी पाणी येतं तेव्हा घरी कोण असतं एवढंच विचारलं. कारण मी त्यांना विचारलं नाही, आणि त्यांनीही भाषण दिलं नाही.

आता त्यांची मुलगी परत येतेय, पुढच्या महिन्यात फ्लॅट रिकामा करायचाय. या वेळी मित्र फोन लागताच आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगतो, वेळ वाचतो म्हणतो. काल आठ फोन झाले, त्यातले सात मिनिटभरही चालले नाहीत. आठवा फ्लॅट पाचव्या मजल्यावर आहे, लिफ्ट बंद आहे, रविवारी बघायला जातोय.