खेळानें भाषा परत येते काय?

हिरावून घेतलेली वस्तु परत मागावयाची ती गंभीर मुद्रेनें, सभेंत ठराव करून किंवा न्यायासनापुढें उभें राहून, अशी आपली समजूत असते. न्यूझीलंडांतील माओरी लोकांनीं आपली भाषा तशी मागितलीही. १९७२ सालीं तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज पार्लमेंटपुढें गेला. १८४० च्या तहानें ज्या ठेव्यांच्या रक्षणाची हमी दिली त्यांत भाषाही येते, असा निर्णय १९८६ त वायतांगी न्यायाधिकरणानें दिला. आणि १९८७ च्या कायद्यानें ती राजभाषा झाली. परंतु हीच भाषा त्यांनीं घरांत परत आणली ती मात्र रंगीत कांड्या, दोरीचे खेळ, टाळ्या आणि गाणीं यांच्या साह्यानें. जिच्यापायीं आजोबांनीं छडी खाल्ली ती भाषा नातवाच्या हातीं खेळणें म्हणून द्यावी, हें उचित आहे काय?

छडीची गोष्ट अलंकारिक नव्हे. १८६७ च्या कायद्यानें माओरी मुलांसाठीं ज्या शाळा निघाल्या त्यांत शिक्षण इंग्रजींतून द्यावयाचें ठरलें, आणि पुढें शाळेच्या आवारांत मातृभाषा बोलल्याबद्दल मुलांना मार बसूं लागला. कित्येक आईबापांना शाळेंत इंग्रजीच हवी होती. आपली भाषा घरीं आहेच, ती कोठें जाते, असा त्यांचा भरंवसा. तो भरंवसा गांवाच्या जोरावर होता. दुसऱ्या महायुद्धानंतर कुटुंबें शहरांत गेलीं, शेजार इंग्रजी झाला, आणि मार खाल्लेल्या कित्येकांनीं आपल्या मुलांशीं माओरी बोलणें सोडून दिलें. तें दयेपोटीं सोडलें, हें विसरूं नये.

१९८२ त वेलिंग्टनजवळ वायनुइओमाता येथें पहिलें ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेचें घरटें, उघडलें. तेथें वृद्ध स्त्रीपुरुष तान्ह्या मुलांशीं माओरींतच बोलत, आणि जिला भाषा येत नसे ती आईही मुलाशेजारीं बसून शिके. त्याच्या थोडें आधीं काटेरिना मताइरा आणि ङोइ पेफाइरांगी या दोन विदुषींनीं प्रौढांसाठीं ‘ते आताआरांगी’ ही पद्धति काढली. मूळ गणितासाठीं केलेल्या रंगीत लांकडी कांड्या मध्यें मांडावयाच्या. लाल कांडी घे, निळीवर ठेव, ती याला दे, असें करीत करीत वाक्य वाढवीत न्यावयाचें. नियम थोडे : इंग्रजी बोलावयाचें नाहीं, दुसऱ्याच्या तोंडीं शब्द घालावयाचा नाहीं, एकमेकांशीं सौम्यपणें वागावयाचें. शाळेंतलें लांकूड असें दोन तऱ्हांनीं या भाषेच्या वांट्याला आलें.

या नियमांतच माझ्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मला सांपडलें. माओरींत ‘फकामा’ असा शब्द आहे. लाज, संकोच, मान खालीं घालावयास लावणारी भावना, असा त्याचा विस्तृत अर्थ. जिच्या आजीला भाषा बोलल्याची लाज वाटावयास लावली, तिला आज भाषा येत नसल्याची लाज वाटते. अशा मनुष्यापुढें व्याकरण ठेवणें म्हणजे दुसरी परीक्षा ठेवणें. खेळांत चुकणें हा अपराध नव्हे. चुकल्यावांचून खेळच होत नाहीं. भयानें जें गेलें तें गांभीर्यानें परत येईल, हें मानण्यास मला तरी आधार दिसत नाहीं.

शिवाय हे खेळ पोरकट नाहींत. नमस्काराचाच खेळ घ्या. एकाला ‘तेना कोए’, दोघांना ‘तेना कोरुआ’, तिघांना किंवा अधिकांना ‘तेना कोउतोउ’. वर्गाचें दार उघडावें, कधीं एक, कधीं दोघे, कधीं चौघे आंत यावे, आणि मुलांनीं क्षणांत योग्य नमस्कार करावा. संस्कृताचें द्विवचन ज्यांनीं घोकलें आहे त्यांना त्या मुलांचा हेवा वाटेल! ‘तातोउ’ म्हणजे आपण आणि ‘मातोउ’ म्हणजे आम्ही. हा भेद मराठी मुलाला आईच्या मांडीवर मिळतो; इंग्रजीच्या एका शब्दांत तो बुजून जातो. आतां त्या वर्गांत गोऱ्या वसाहतवाल्यांचे, म्हणजे पाकेहांचे, वंशजही बसतात. त्यांतला एखादा मुलगा माओरी सोबत्याशीं बोलतांना ‘आपण’ म्हणेल कीं ‘आम्ही’ म्हणेल? व्याकरण त्याला उत्तर टाळूं देत नाहीं. (आपल्या बाराखडीचा अनाथ ‘ङ’ तेथें शब्दारंभीं सुखानें नांदतो, हें जातां जातां.)

परंतु येथेंच खेळाची मर्यादाही लागते. ‘पेपेहा’ म्हणजे आपला डोंगर, आपली नदी, आपलें कुळ सांगून करावयाची ओळख. मुलांना ती फार आवडते. पण तो डोंगर पूर्वजांचा असतो. ज्याचें तेथें कुळ नाहीं त्यानें तो आपला म्हणणें म्हणजे पुन्हां एकदां जमीन घेणेंच. म्हणून जाणते शिक्षक अशा मुलाला ‘या डोंगराच्या छायेंत मी वाढलों’ असें म्हणावयास लावतात. मला ही तडजोड नव्हे, सत्य वाटतें.

दुसरी शंका अधिक कठीण आहे. रंग, अंक आणि गाणीं यांपुढें पुष्कळांची भाषा जातच नाहीं. जिच्यांत रागावतां येत नाहीं, मीठ मागतां येत नाहीं, रुसलेल्याला समजावतां येत नाहीं, ती भाषा सणाच्या दागिन्यासारखी पेटींत राहते. २०२३ च्या खानेसुमारींत माओरी बोलतां येणारे दोन लक्षांहून थोडे अधिक निघाले, म्हणजे साऱ्या देशांत शंभरांत चार. म्हणून खेळ घरांत यावा तो जेवणाच्या पाटावर. फडताळांवर, भांड्यांवर शब्दांच्या चिठ्ठ्या लावाव्या, आणि रात्रीच्या जेवणाचा एक तास इंग्रजीस बंदी. जो चुकेल त्यानें भांडीं घासावीं. बहुधा बापच चुकतो, आणि पांच वर्षांच्या मुलीला हळूच विचारतो कीं, ‘अजून थोडें वाढ’ याला काय म्हणतात. ती सांगते, आणि पानांत वाढलें जाते.